गाडी लोअर केल्यावर बुशचा पीळ काढणे: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

गाडीची उंची कमी करणारे लोअरिंग स्प्रिंग बसवले, चाकांचे अलाइनमेंट करून घेतले आणि काम संपले असे समजून बहुतेक जण गाडी रस्त्यावर आणतात. काही महिन्यांनी लोअर आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) बाजूने कुरकुर ऐकू येऊ लागते, लहान खड्ड्यातही गाडी अकारण आदळते, आणि दोष स्प्रिंगच्या कंपनीला दिला जातो. अशा बऱ्याच गाड्यांत स्प्रिंग निर्दोष असतात. बुश, म्हणजे आर्मच्या सांध्यांतले रबरी भाग, मात्र जुन्याच उंचीच्या कोनात आवळलेले राहिलेले असतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे चाके हवेत लटकत असताना नव्याने आवळलेले असतात. हा लेख पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअब एकत्र असलेला उभा खांब) आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा आडवा दांडा) असलेल्या छोट्या हॅचबॅक व सेडान गाड्या समोर ठेवून लिहिला आहे, कारण आपल्याकडे लोअर होणाऱ्या गाड्यांत हीच मांडणी सर्वाधिक आढळते.

## बुशला पीळ कसा पडतो

रबरी बुशमध्ये आत एक पोलादी नळी असते, बाहेर पोलादी कडे असते, आणि मधले रबर दोन्हींना कायमचे चिकटवलेले असते. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटच्या दोन कानांत घट्ट पकडली जाते आणि ती अजिबात फिरत नाही. आर्म वरखाली होतो तेव्हा जी हालचाल होते ती सगळी रबराच्या पिळातून होते. म्हणून बोल्ट ज्या क्षणी आवळला त्या क्षणी आर्मचा जो कोन होता, तीच त्या रबराची विश्रांतीची जागा ठरते.

ढोबळ हिशेब करून पाहू. आर्मची लांबी ३०० मिमी असेल आणि गाडी ४० मिमी खाली आली असेल, तर आर्म साधारण साडेसात अंशांनी फिरतो. बोल्टला हातच लावला नाही, तर रबर कायम तेवढ्या पिळात राहते. आता दुसरी स्थिती घ्या. चाके लटकत असताना आर्म मूळ उंचीपासून सुमारे ८० मिमी खाली झुकलेला असतो असे धरले, तर लोअर केलेल्या गाडीत लटकत्या स्थितीपासून नव्या उंचीपर्यंतचे अंतर १२० मिमी होते आणि पीळ तेवीस अंशांच्या पुढे जातो. म्हणजेच चुकीच्या स्थितीत काळजीपूर्वक, टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळण्याचा पाना) लावून आवळलेला बुश हा अजिबात न सोडलेल्या बुशपेक्षा तिप्पट पिळात असतो. या कामात हात घालायचा तर क्रम पूर्ण पाळावा, अन्यथा बुश आहेत तसे सोडलेले बरे.

पिळलेले रबर स्वतःच एका अनाहूत स्प्रिंगसारखे वागते. ते गाडीला काही मिलिमीटर वर धरून ठेवते, डावी-उजवी उंची वेगळी दाखवते, आणि खड्ड्यात आणखी पिळले गेले की नळीच्या कडेने फाटू लागते.

## कोणत्या बुशचे हे काम आहे आणि कोणत्याचे नाही

पाना उचलण्यापूर्वी गाडीखाली टॉर्च घेऊन जावे आणि प्रत्येक बुश ओळखावा. ज्याचा बोल्ट आडवा आहे, आतली नळी कानांमध्ये पकडलेली आहे आणि रबर दोन्हीकडे चिकटलेले आहे, तो या कामाचा. पुढच्या लोअर आर्मचा पुढचा बुश, मागच्या बीमचे दोन पुढचे बुश आणि मागच्या शॉकअबच्या (शॉक अॅब्सॉर्बरच्या) खालच्या डोळ्यातला बुश हे सहसा या गटात येतात.

लोअर आर्मच्या मागच्या बुशचा बोल्ट काही गाड्यांत उभा असतो. आर्म वरखाली होताना तो बुश स्वतःच्या अक्षाभोवती फारसा पिळला जात नाही, तिरका दाबला जातो. बोल्ट सैल करून तो ताण जात नाही. त्याला उगीच हात लावू नये. पॉलियुरेथेनचे बुश, ज्यात नळी ग्रीसवर मोकळी फिरते, त्यांना पीळ पडत नाही. बॉल जॉइंटचा इथे संबंध नाही. स्ट्रट जिथे नकलला (चाकाचा हब धरणाऱ्या भागाला) दोन बोल्टनी जोडलेला असतो तिथे रबरच नसते, त्यामुळे ते बोल्ट कोणत्याही उंचीवर आवळले तरी चालतात.

काही गाड्यांत बुश आर्मच्या टोकावर दाबून बसवलेला असतो आणि सैल करायला बोल्टच नसतो. तिथे पीळ काढायचा म्हणजे बुश प्रेसवर काढून नव्या कोनात बसवायचा. हे काम घरी करण्यासारखे नाही.

तपासणी: रबरावर नखाने दाबून पाहावे आणि नळीच्या कडेला भेग आहे का ते बघावे. भेग रबराच्या जाडीत उतरली असेल, तर पीळ काढून उपयोग नाही. बुश आधी बदलावा आणि मग खालचा क्रम नव्या बुशवर पाळावा. नवा बुश दाबताना त्यातल्या पोकळ्यांची किंवा बाणाची दिशा जुन्यासारखीच ठेवावी. मागच्या बीमच्या बुशचा आकार बऱ्याचदा वळणावर चाकांची दिशा सांभाळण्यासाठी मुद्दाम असमान केलेला असतो.

## तयारी

गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून प्रत्येक बोल्टचा टॉर्क लिहून घ्यावा. ओळखीच्या मेकॅनिकचा अंदाज किंवा दुसऱ्या मॉडेलचा आकडा चालणार नाही. काही बोल्टांचा टॉर्क दोन भागांत दिलेला असतो: आधी ठरावीक न्यूटन-मीटर आणि त्यानंतर ९० किंवा १८० अंश फिरवणे. असे बोल्ट आवळताना ताणले जातात आणि ते पुन्हा वापरायचे नसतात, म्हणून नवे बोल्ट-नट काम सुरू होण्याआधी हातात असावेत. रविवारी दुपारी अर्धी गाडी उघडी ठेवून स्पेअर पार्टच्या दुकानाचे शटर पाहत बसण्याची वेळ माझ्यावर आलेली आहे.

टॉर्क रेंचवर तीन वेगवेगळी मापे असू शकतात. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर आणि १ फूट-पाउंड म्हणजे सुमारे १.३६ न्यूटन-मीटर. मॅन्युअलमधला आकडा न्यूटन-मीटरचा आणि रेंचवरची पट्टी फूट-पाउंडची, अशी गल्लत झाली तर बोल्ट तिसऱ्या हिश्श्याने जास्त आवळला जातो.

बाकीचे साहित्य साधे आहे: लांब दांड्याचा पाना, योग्य मापाचे सॉकेट, रिंग पाना, मोजपट्टी, पांढरा पेंट मार्कर, तारेचा ब्रश, गंज सोडवणारे तेल, चाकाखाली लावायला पाचरी आणि चार पातळ पत्रे. बोल्टवर तेल आदल्या रात्रीच मारून ठेवावे. कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात राहिलेल्या गाडीला तर ते दोन रात्री आधी मारावे.

जागेची निवड सगळ्यांत महत्त्वाची. सर्व्हिस स्टेशनातली दोन खांबांची लिफ्ट गाडीला बॉडीखालून उचलते आणि चाके लटकत ठेवते. बुश चुकीच्या कोनात आवळले जाण्याचे मूळ कारण हीच लिफ्ट आहे. हवी ती चार खांबांची लिफ्ट, जिच्यावर गाडी चाकांवर उभी राहते, किंवा गाडीखाली उभे राहून काम करण्यासाठी खणलेला गॅरेजातला जुना खड्डा. अलाइनमेंटच्या दुकानात दोहोंपैकी एक बहुधा असतेच. तिथल्या माणसाला आधी विनंती करून बुशचे काम आणि अलाइनमेंट एकाच फेरीत उरकणे हा माझ्या मते सर्वांत शहाणा मार्ग आहे.

## टप्पा १: खरी उंची मोजणे

जॅकवरून उतरवलेल्या गाडीची चाके आत ओढलेली राहतात आणि गाडी प्रत्यक्षापेक्षा उंच दिसते. म्हणून गाडी सपाट जमिनीवर काही मीटर पुढे-मागे न्यावी, चारही कोपरे दाबून उसळवावेत आणि मग मोजावे. चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे उभे अंतर घ्यावे. जमिनीपासून मोजले तर टायरमधली हवा मापात घुसते. चारही आकडे लिहून ठेवावेत.

गाडीत किती वजन ठेवावे, याबाबत कंपन्यांचे नियम वेगळे आहेत. सुझुकीच्या मॅन्युअलांत गाडी लिफ्टवरून उतरवून, विनाभार स्थितीत आवळण्याची सूचना आढळते. बीएमडब्ल्यूच्या जुन्या मॉडेलांत मात्र पुढच्या दोन्ही सीटवर व मागच्या सीटवर प्रत्येकी ६८ किलो आणि डिकीत २१ किलो ठेवून आवळायला सांगितलेले असते. आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जे आहे ते पाळावे. टाकी मात्र भरलेली असावी आणि डिकीतला स्टेपनीव्यतिरिक्तचा पसारा काढलेला असावा.

नवे स्प्रिंग पहिल्या काही दिवसांत थोडे बसतात, म्हणून बुशचे काम महिनाभराने करावे असे अनेक जण सांगतात. तोवर रबर पिळातच राहते, हे त्यात विसरले जाते. मी स्प्रिंग बसवतानाच काम करतो आणि ३०० किलोमीटरनंतर उंची पुन्हा मोजतो. फरक ५ मिमीच्या आत असेल तर बुशला पुन्हा हात लावत नाही.

## टप्पा २: गाडी चाकांवरच ठेवणे

गाडी लिफ्टवर किंवा खड्ड्यावर घ्यावी. पुढचे काम करताना मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी लावाव्यात आणि पुढची चाके मोकळी ठेवावीत. प्रत्येक मोकळ्या चाकाखाली दोन पत्रे ठेवून त्यांच्यामध्ये ग्रीसचा थर द्यावा, म्हणजे बुश सुटल्यावर चाक बाजूला सरकू शकते. हे पत्रे नसतील तर टायर जमिनीला घट्ट धरून बसतो आणि आर्मला नव्या कोनात येऊ देत नाही. अलाइनमेंटच्या लिफ्टवरील फिरत्या तबकड्या हेच काम करतात.

सावधान: फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नये. विटा, सिमेंटचे ठोकळे किंवा एकावर एक रचलेले रिम यांवर गाडी उभी करू नये.

## टप्पा ३: खुणा करणे

बुशची दर्शनी बाजू दिसत असेल तर तारेच्या ब्रशने ती साफ करावी आणि आतल्या नळीपासून रबरावरून बाहेरच्या कड्यापर्यंत पेंट मार्करने एक सरळ रेघ ओढावी. बोल्ट सोडल्यावर ही रेघ तुटून वाकडी दिसली, तर पीळ होता आणि तो सुटला. दुसरी खूण नटवर आणि ब्रॅकेटवर करावी. पुढे नट हलला का हे तिच्यावरून एका दृष्टिक्षेपात कळते.

## टप्पा ४: बोल्ट सैल करणे

बोल्टचे डोके एका पान्याने धरून ठेवावे आणि फक्त नट फिरवावा. नट एक ते दोन फेरे सैल करावा. बोल्ट बाहेर काढू नये, कारण गाडीचे वजन चाकांवर आहे आणि आर्मला जागेवर धरणारा तोच एक दांडा आहे.

गंजलेल्या गाडीत बोल्ट आतल्या नळीला चिकटून एकजीव झालेला असतो. अशा वेळी बोल्टचे डोके फिरवले, तर नळीही त्याच्याबरोबर फिरते आणि रबर जागीच फाटते. काही ब्रॅकेटमध्ये नट आतून वेल्ड केलेला असल्याने बोल्टच फिरवावा लागतो. तिथे तेल मुरू द्यावे, पाव फेरा पुढे आणि पाव फेरा मागे असे हळूहळू करावे, आणि रबर पिळले जात असल्याचे दिसताच थांबावे. न्युमॅटिक गन इथे वापरू नये. वेल्ड केलेला नट आतल्या आत तुटला, तर सबफ्रेम (आर्म जिला जोडलेले असतात ती खालची चौकट) उघडण्यापर्यंत काम वाढते.

तपासणी: नट सैल झाला म्हणजे नळी सुटलीच असे नाही. नळीच्या टोकांना दाते असतात आणि ते ब्रॅकेटमध्ये रुतलेले असतात. रेघ हलली नसेल तर ब्रॅकेटच्या कानावर हातोडीने हलके ठोके द्यावेत. बऱ्याचदा ‘टक्’ असा स्पष्ट आवाज येऊन नळी सुटते.

दोन्ही बाजूंचे सगळे आडवे बोल्ट आधी सैल करून घ्यावेत आणि त्यानंतरच आवळायला सुरुवात करावी. एक बाजू सोडून, आवळून, मग दुसरीकडे जाणे ही फार सामान्य चूक आहे. दुसरी बाजू सुटली की गाडीची उंची बदलते आणि पहिल्या बाजूला पुन्हा पीळ पडतो.

## टप्पा ५: गाडीला बसू देणे

सगळे नट सैल असताना कोपरे हाताने आठ-दहा वेळा दाबून उसळवावेत. लिफ्ट वर असेल तर ती आधी खाली घ्यावी. त्यानंतर टप्पा १ मधली मापे पुन्हा घ्यावीत. गाडी २-३ मिमी आणखी खाली बसलेली दिसेल. आतापर्यंत तेवढे वजन रबराने उचललेले होते. डावी-उजवीतला फरकही पुष्कळदा इथेच नाहीसा होतो. हे नवे आकडेच गाडीची खरी राइड हाइट आहेत.

सावधान: नट सैल असताना गाडी चालवू नये, फाटकातून बाहेर काढण्यापुरतीसुद्धा नाही.

## टप्पा ६: आवळणे

बुशमध्ये खेळ उरलेला असताना आर्मला हाताने किंवा पहारीने ओढूताणून ‘मध्यभागी’ आणण्याचा मोह आवरावा. वजनाने त्याची जागा ठरवलेली आहे. नट आधी हाताने, मग साध्या पान्याने टेकवावा आणि शेवटी टॉर्क रेंचने पूर्ण करावा. बोल्टच्या आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये; मॅन्युअलमधला टॉर्क सहसा कोरड्या आट्यांसाठी दिलेला असतो आणि ग्रीसमुळे त्याच आकड्याला बोल्ट अधिक ताणला जातो. आदल्या रात्री मारलेले तेल म्हणूनच आता पुसून काढावे. टॉर्क पूर्ण झाला की नटावर नवी खूण करावी.

तपासणी: रबरावर पुन्हा एक रेघ ओढावी. गाडी पुन्हा उसळवून सोडल्यावर ही रेघ सरळ राहिली पाहिजे.

## टप्पा ७: मागचा बीम

इथे पाचरी पुढच्या चाकांना लावाव्यात, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि हँडब्रेक सोडावा. बीम एका कमानीत फिरतो, त्यामुळे उंची बदलली की मागची चाके किंचित पुढे-मागे सरकतात. हँडब्रेक लावलेला असेल तर ती अडतात आणि बुश तिरका बसतो. बीमचे दोन्ही बोल्ट आणि शॉकअबचे खालचे दोन्ही बोल्ट एकत्र सैल करावेत, डिकीचा भाग दाबून उसळवावा आणि पुढच्यासारखेच आवळावेत.

लोअर केल्यावर मागचा भाग आखडल्यासारखा वाटतो तेव्हा दोष शॉकअबला दिला जातो. बीमचे बुश जाडजूड असतात आणि त्यांचा पीळही तसाच जोरकस असतो. शॉकअब बदलण्याचा खर्च करण्यापूर्वी हे चार बोल्ट तपासावेत.

## लिफ्ट किंवा खड्डा नसेल तर

गाडी स्टँडवर घेऊन, लोअर आर्मखाली जॅक लावून चाकाच्या केंद्रापासून मडगार्डपर्यंतचे अंतर मोजलेल्या आकड्याइतके आणायचे, ही पद्धत सर्रास सांगितली जाते आणि फोक्सवॅगनच्या मॅन्युअलांतही हेच माप वापरले जाते. तिच्यातला धोका मात्र क्वचितच कोणी सांगतो. ९०० किलोच्या गाडीत पुढे साठ टक्के वजन धरले, तर पुढच्या एका कोपऱ्यावर सुमारे २७० किलो येतात. स्प्रिंग राइड हाइटपर्यंत दाबण्यासाठी जॅकला तेवढेच वजन उचलावे लागते, आणि ज्या क्षणी माप जुळते त्या क्षणी त्या कोपऱ्याच्या स्टँडवर जवळजवळ काहीच भार उरत नाही. गाडी नेमकी तेव्हाच सरकू शकते, आणि माणूस नेमका तेव्हाच खाली पाना लावून बसलेला असतो.

त्यापेक्षा रुंद, जाड लाकडी फळ्या पायऱ्यांसारख्या खिळवून चार रॅम्प करावेत आणि गाडी त्यांवर चढवावी. दीडशे मिलिमीटर उंची मिळाली तरी लोअर आर्मच्या बोल्टपर्यंत हात पोहोचतो. मागच्या बीमसाठी आणखी एक सुरक्षित उपाय आहे. स्प्रिंग वेगळे बसणाऱ्या गाडीत दोन्ही स्प्रिंग काढून ठेवावेत, बॉडी स्टँडवर असताना रिकामा बीम जॅकने मोजलेल्या अंतरापर्यंत उचलावा, बुश आवळावेत आणि स्प्रिंग परत बसवावेत. बीमला उचलायला तेव्हा फारसा जोर लागत नाही आणि गाडीचे वजन स्टँडवरच राहते. यासाठी नवी उंची आधी मोजलेली असणे मात्र आवश्यक आहे.

## टप्पा ८: नंतरची कामे

अलाइनमेंट बुशच्या कामानंतरच करावे. आधी केले असेल तर ते वाया गेले असे समजावे, कारण गाडीची उंची बदलली की टो (चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) आणि कॅम्बर (चाकांचा उभा कल) दोन्ही बदलतात. टॉर्शन बीमच्या मागच्या चाकांना सहसा समायोजन नसते, तरी त्यांचे आकडे छापून घ्यावेत. डाव्या-उजव्यात मोठा फरक दिसला तर बीमचा एक बुश चुकीचा बसला असण्याची शक्यता असते.

काही गाड्यांत मागच्या अॅक्सलला जोडलेला, भारानुसार ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी खाली आली की त्याला डिकीत वजन आहे असे वाटते आणि तो मागच्या ब्रेकना जास्त दाब देतो. ओल्या रस्त्यावर रिकाम्या गाडीची मागची चाके लॉक होण्याचे हे एक कारण आहे. आपल्या गाडीत असा दांडा दिसला तर तो मॅन्युअलप्रमाणे नव्या उंचीला लावून घ्यावा. हेडलाइटचा झोतही त्याच दिवशी तपासावा. ब्रेकचे पाइप आणि एबीएसच्या वायरी स्टिअरिंग पूर्ण वळवून पाहाव्यात, टायरला किंवा स्प्रिंगला घासत असतील तर क्लिप सरकवाव्यात.

तीनशे किलोमीटरनंतर नटावरच्या खुणा आणि चार उंच्या पुन्हा पाहाव्यात. खूण हलली असेल तर नट तसाच पुढे आवळू नये. सैल करून, गाडी चाकांवर असताना, टप्पा ५ पासून पुन्हा सुरुवात करावी. पुढे कधीही शॉकअब, क्लच किंवा लोअर आर्मच्या कामासाठी गाडी गॅरेजात गेली, तर आडवे बोल्ट लिफ्टवर फक्त टेकवून ठेवावेत आणि शेवटचा टॉर्क गाडी जमिनीवर आल्यावर द्यावा, हे जॉब कार्डवर लिहून द्यावे.